सायरनची सेकंड इनिंग

अमेरिकेत ॲम्ब्युलन्सवर काम करण्याचं नॅशनल कार्ड दर दोन वर्षांनी एक्स्पायर होतं. ते पुन्हा मिळवणं म्हणजे फॉर्म भरून फी टाकणं नव्हे. हातांना पुन्हा शाळेत घालावं लागतं. आणि ही शाळा आपल्यालाही बरंच काही शिकवून जाते!

३१ मार्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? इयर एंडिंग, टॅक्स सेव्हिंगचे राहून गेलेले कागद आणि रात्री उशिरापर्यंत जागणारी अकाउंट्सवाली मंडळी. अमेरिकेत मात्र या तारखेचा धसका घेणारी आणखी एक जमात आहे. त्यातले कित्येक जण दिवसा तुमच्याआमच्यासारखेच कॉम्प्युटरसमोर बसतात, मीटिंगमध्ये जांभया दाबतात आणि आठवड्यातली एखादी रात्र ॲम्ब्युलन्सवर काढतात. यांना म्हणतात ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. त्यांचं नॅशनल सर्टिफिकेशन दोन वर्षांचं असतं आणि ते संपतं बरोब्बर ३१ मार्चला.

रिन्यू केलं तर ठीक. नाही केलं तर? काल रात्रीपर्यंत बेशुद्ध माणसाच्या छातीवर दाब देणारा तुमचा हात आज कागदोपत्री कुणाचाच नसतो.

मग सुरू होतो कमबॅकचा प्रवास. वरवर पाहिलं तर हा नियमांचा आणि तारखांचा मामला वाटतो. पण जरा खोलात गेलं की प्रश्न वेगळाच निघतो. एकदा शिकलेलं कौशल्य किती दिवस आपलं राहतं?

आधी, हे ईएमटी म्हणजे कोण?

ईएमटी डॉक्टर नसतो, नर्सही नसतो. तो सलाइन लावत नाही, इंजेक्शनांचा बॉक्स घेऊन फिरत नाही. सीपीआर, झटका देणारं एईडी मशीन, ऑक्सिजन, रक्तस्राव थांबवणं, मोडलेलं हाड आधार देऊन बांधणं, वेळ पडली तर गाडीतच बाळंतपण आणि काही मोजकी औषधं एवढीच त्याची शिदोरी. पण पहिल्या दहा मिनिटांत माणूस जगतो की जातो, हे बहुतेक वेळा याच शिदोरीवर ठरतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर आणि झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. गणित सोपं आहे आणि भयंकरही!

गंमत म्हणजे अमेरिकेतही ही व्यवस्था फार जुनी नाही. साठच्या दशकापर्यंत तिथल्या बऱ्याच गावांत ॲम्ब्युलन्स चालवायचे कोण, तर अंत्यविधी करणारे व्यावसायिक! कारण साधं होतं. माणूस आडवा मावेल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. रुग्ण वाचला तर हॉस्पिटल, नाहीतर... असो. १९६६ मध्ये तिथल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचा एक रिपोर्ट आला. अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाने दुर्लक्षिलेला आजार आहे, असं त्याने थेट सांगितलं आणि सगळे खडबडून जागे झाले. १९७० मध्ये नॅशनल रजिस्ट्री ऑफ इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन्स ही संस्था उभी राहिली. तिचं ऑफिस ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात आहे. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला खरंच काही येतं की नाही, याचा पुरावा म्हणजे या संस्थेचं कार्ड.

पुरावा म्हटला की तो ताजा असायला हवा. म्हणूनच ही दोन वर्षांची मुदत.

कार्ड जातं कसं?

आळसामुळे? क्वचित. बहुतेक वेळा आयुष्य मध्ये येतं.

न्यू जर्सीचंच घ्या. एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी घरांची कमी नाही. आणि याच राज्यात स्वयंसेवी फर्स्ट एड स्क्वॉडची जुनी परंपरा आहे. गावातलेच लोक, दिवसा नोकरी आणि रात्री पेजर. आपल्याकडच्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांसारखंच, फक्त इथे मांडवाऐवजी ॲम्ब्युलन्स! अनेक कॉलेजवयीन पोरं, त्यात तिथे वाढलेली आपली मराठी पोरंही आली, मेडिकल स्कूलच्या ॲडमिशनआधी पेशंटचा अनुभव हवा म्हणून ईएमटी होतात.

मग काय होतं? कुणाला मेडिकलला ॲडमिशन मिळते आणि पहिल्या वर्षाच्या अभ्यासात मान वर करायला फुरसत राहत नाही. कुणाचा प्रोजेक्ट टेक्सासला जातो. कुणाच्या घरी बाळ येतं आणि रात्रीची झोप ही स्वप्नातली गोष्ट होते. कुणाचे आईवडील इकडे आजारी पडतात आणि सहा महिने पुणे-नेवार्क वाऱ्या चालू राहतात. पेजर ड्रॉवरमध्ये जातो. रिन्यूअलची मेल शंभर मेलच्या खाली गाडली जाते. एक दिवस सहज म्हणून कार्ड काढून बघावं, तर तारीख उलटून गेलेली.

आणि मग तो खास मराठी मध्यमवर्गीय संकोच. आता कुठल्या तोंडाने स्क्वॉडमध्ये परत जायचं? आपल्याला जमेल का? बरोबरची मुलं आता आपल्याला शिकवणार का? खरं सांगायचं तर कमबॅक करणाऱ्यांची गाडी नियमांपेक्षा या संकोचापाशीच जास्त अडते. आणि इकडे कॅलेंडर काही थांबत नाही. संकोचात घालवलेल्या प्रत्येक महिन्याने परतीची वाट लांबत जाते. कशी, ते बघू.

तीन दरवाजे

नॅशनल रजिस्ट्रीचा साधा हिशेब असा. कार्ड चालू असताना दोन वर्षांत ४० तासांचं शिक्षण पूर्ण करायचं. त्यातले २० तास देशभर सारख्या असलेल्या विषयांचे, १० तास आपल्या राज्याच्या किंवा स्थानिक गरजेप्रमाणे आणि १० तास आपल्या आवडीचे. तास नको असतील, तर मुदत संपायच्या आत कॉम्प्युटरवरची परीक्षा देऊनही कार्ड रिन्यू करता येतं. मुदत संपली की मात्र एकेक दरवाजा बंद होत जातो.

पहिला दरवाजा ३० एप्रिलपर्यंत उघडा असतो. शिक्षणाचे तास ३१ मार्चच्या आत पूर्ण झालेत, फक्त अर्ज भरायचा राहिला, अशा विसराळू मंडळींसाठी हा. लेट फी भरा, सुटलात!

दुसरा दरवाजा साधारण दोन वर्षांचा. कार्ड जाऊन दोन वर्षं झाली नसतील, तर ४० तासांचं शिक्षण नव्याने दाखवायचं, चालू सीपीआर कार्ड जोडायचं आणि लेखी परीक्षा पुन्हा पास व्हायची. ही परीक्षा जरा चावट आहे बरं का! प्रश्न ७० ते १२०, वेळ दोन तास. तुम्ही बरोबर उत्तर दिलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड टाकतो, चुकलात की सोपा. तुमची पातळी नक्की कळली की परीक्षा आपोआप बंद होते. त्यामुळे सत्तराव्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली की पोटात गोळा येतो. पास झालो म्हणून थांबली की नापास झालो म्हणून? नापास झालात तर किमान १५ दिवस थांबून पुन्हा बसायचं.

तिसरा दरवाजा दोन वर्षं उलटून गेलेल्यांसाठी. हातात एखाद्या राज्याचं चालू लायसन्सही नसेल, तर साधारणपणे पाटी कोरी. पुन्हा पूर्ण कोर्स, पुन्हा श्रीगणेशा. हा कोर्स साधारण १५० ते १९० तासांचा असतो. म्हणजे दोन संध्याकाळी आणि एक शनिवार असा हिशेब धरला, तरी तीन-चार महिन्यांची निश्चिती.

यात एक मेख आहे. नॅशनल सर्टिफिकेशन आणि राज्याचं लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा पास झालात हे रजिस्ट्री सांगते, पण काम करायची परवानगी देतं राज्य. बहुतेक राज्यं पहिल्यांदा लायसन्स देताना नॅशनल सर्टिफिकेशन मागतात. नंतर रिन्यूअलचे नियम मात्र ज्याचे त्याचे. त्यामुळे कमबॅकचं पहिलं काम अभ्यासाचं नाही. दोन्हीपैकी नक्की काय संपलंय आणि कधी, ते आधी बघायचं.

बदललं काय एवढं?

दहा वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढलेल्या माणसाला हे सगळं अपमानास्पद वाटू शकतं. मी शेकडो पेशंट पाहिलेत आणि कालच्या पोरांसोबत बसून पट्टी बांधायला शिकू? राग समजण्यासारखा आहे. पण जरा मागे वळून बघा.

समजा, तुम्ही २००८ मध्ये ईएमटी झालात. तेव्हा शिकवलं होतं की आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रौढांसाठी हा क्रमच फिरवला. आधी छातीवर दाब! छाती किती दाबायची? तुमच्या वेळी ४ ते ५ सेंटिमीटर होतं. २०१० मध्ये किमान ५ झालं. २०१५ मध्ये ५ ते ६ ठरलं आणि वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे जुन्या शिक्षणावर विसंबून तुम्ही प्रामाणिकपणे, मन लावून, कमी दाबत राहाल.

टूर्निके, म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, हा तेव्हा शेवटचा उपाय मानला जायचा. पाय जाईल, अशी भीती घातलेली असायची. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांच्या अनुभवाने ही भीती खोटी ठरवली. आता हातापायातून जीवघेणं रक्त वाहत असेल, तर टूर्निकेला उशीर करायचा नाही. आधी अपघातातल्या जवळजवळ प्रत्येकाला कडक फळीवर करकचून बांधायचे. आता ती फळी सरसकट वापरत नाहीत. ऑक्सिजनचा मास्क आधी दिसेल त्याच्या तोंडावर चढायचा. आता बोटाला लावलेल्या मशीनवरचा आकडा बघून गरजेपुरताच देतात. अफूजन्य ड्रग्जच्या ओव्हरडोसवरचं नॅलोक्सोन २०१५ मध्ये नाकातल्या स्प्रेच्या रूपात मंजूर झालं आणि ईएमटीच्या बॅगेत जाऊन बसलं. मार्च २०२३ मध्ये तर तो स्प्रे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळायलाही मंजुरी मिळाली.

आणि ताजं उदाहरण हवंय? मोठ्या माणसाच्या घशात घास अडकला, तर अमेरिकन हार्ट असोसिएशन इतकी वर्षं पोटावर धक्के द्यायला शिकवत होती. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या गाइडलाइन्स सांगतात, आधी पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच धक्के. म्हणजे २०२४ मध्ये कोर्स केलेल्याचीही एक गोष्ट जुनी झाली!

अनुभवाला काही किंमतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. घाबरलेल्या नातेवाइकांना कसं सांभाळायचं, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर कसं फिरवायचं, पेशंट 'काही नाही, बरा आहे मी' म्हणत असताना त्याच्या चेहऱ्याचा रंग काय सांगतो, हे चाळीस तासांत येत नाही. ते तुमच्याकडे आहे. फक्त त्या अनुभवाखालची माहिती जुनी झाली असेल, तर तोच अनुभव चुकीची गोष्ट मोठ्या आत्मविश्वासाने करवून घेतो. समोरच्या पेशंटला यातलं काहीच कळायला मार्ग नसतो.

तारीख खरी की हात खरे?

आता दुसरी बाजू. दोन वर्षांचा नियम तरी किती शहाणा आहे?

पोहणं आणि सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही, असं आपण म्हणतो. सीपीआर तसं नाही. ट्रेनिंगनंतर तीन ते सहा महिन्यांतच हातांची सफाई उतरायला लागते, हे वेगवेगळ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणूनच आता दोन वर्षांतून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा थोड्याथोड्या दिवसांनी छोटा सराव करून घ्या, यावर भर दिला जातो. काही हॉस्पिटल्समध्ये तर दर तीन महिन्यांनी स्टाफ पुतळ्यावर हात चालवून दाखवतो.

म्हणजे गंमत बघा. कार्ड चालू आहे, पण वर्षभर कुणाच्या छातीला हात लावलेला नाही, असा माणूस नियमाने पात्र. आणि परवापर्यंत दर आठवड्याला कॉल करणारा, कार्ड मागच्या महिन्यात संपलेला माणूस अपात्र. तारखेला हे कळत नाही. तारीख ही ढोबळ फूटपट्टी आहे. पण हजारो अनोळखी माणसांचे हात एकेक करून तपासता येत नाहीत, म्हणून ती लागते.

यातून कमबॅक करणाऱ्याने काय घ्यायचं? एवढंच की ४० तास हा कागदाचा किमान आकडा आहे. त्यातला बराचसा भाग ऑनलाइन करता येतो. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाइल, स्क्रीनवर व्हिडिओ चालू, असे तास भरताही येतात. सर्टिफिकेट मिळेल, पण हात तसेच राहतील. भाकरी तव्यावर न फिरवल्याने करपते, हे आपल्या आज्यांनी कोड्यात घालून सांगितलंय. या धंद्यात करपतो तो आपला हात, आणि चटका बसतो दुसऱ्याला.

म्हणून उलट क्रमाने जा. परीक्षेचा अभ्यास नंतर, पुतळा आधी. स्क्वॉडच्या ट्रेनिंग नाइटला जाऊन बसा. लायसन्स नसताना पेशंटला हात लावता येणार नाही, पण सरावाच्या खोलीत बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही. आणि हो, आता तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी तुमच्या दाबाची खोली तपासेल. तपासू द्या. तो संकोच तिथेच पुतळ्याखाली गाडून या!

कमबॅकचा प्लॅन

• दोन तारखा शोधा. नॅशनल सर्टिफिकेशनची आणि राज्याच्या लायसन्सची. दोन्ही लिहून समोर चिकटवा.

• राज्याच्या ईएमएस ऑफिसला विचारल्याशिवाय कुठल्याही कोर्सची फी भरू नका. नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात.

• सीपीआर कार्ड आधी चालू करून घ्या. पुढचं सगळं त्यावर अडतं.

• जुनं पुस्तक माळ्यावर टाका. नव्या आवृत्तीवरूनच अभ्यास करा.

• काम बंद करणार असाल, तर कार्ड जाऊ देण्याआधी 'इनॲक्टिव्ह' स्टेटसचा विचार करा. शिक्षणाचे तास भरावेच लागतात, पण परत येणं खूप सोपं होतं. बाळंतपण, बदली, उच्च शिक्षण, अशा ब्रेकसाठी बेस्ट!

• दोन वर्षांची रेघ जवळ आली असेल, तर आजच हला. त्या रेघेच्या अलीकडे ४० तास आहेत, पलीकडे दीडशेहून जास्त.

आणि आपलं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही हिंजवडीत नाहीतर बीकेसीत बसतो, आम्हाला न्यू जर्सीच्या ॲम्ब्युलन्सचं काय? आहे ना!

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ ची सेवा ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली. आपल्या १०८ चं वेगळेपण म्हणजे गाडीवर डॉक्टर असतो. त्यामुळे अमेरिकेतलं ईएमटी कार्ड घेऊन परत आलेल्याला इथे सरळ ॲम्ब्युलन्सवर चढता येत नाही. देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने वैद्यकीय क्षेत्रातल्या अशा पूरक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आणि इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचा त्या यादीत समावेश केला. कार्डाला देशभर सारखी किंमत यावी, या दिशेने आपणही निघालोय.

पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं आपलीच असतात. ऑफिसच्या लिफ्टजवळ, जिममध्ये, लोकलच्या फलाटावर. आठवून बघा, तुमच्या कंपनीत कधीतरी फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं होतं. पुतळा आला होता, सगळ्यांनी फोटो काढले होते, सर्टिफिकेट मिळालं होतं. कुठे आहे ते? अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड पुण्या-मुंबईतही मिळतं आणि त्याचीही मुदत दोनच वर्षांची. म्हणजे आपल्यातले कित्येक जण नकळत 'लॅप्स' झालेलेच आहेत! आणि रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला पोलिसांच्या भीतीने कचरत असाल, तर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिलंय. ते कारणही आता उरलं नाही.

उरतो तो फक्त सराव. मोबाइलमध्ये तीन महिन्यांनी वाजणारा एक रिमाइंडर लावा. ऑफिसच्या एचआरला पुतळा पुन्हा बोलवायला सांगा. यावेळी फोटो नाही काढले तरी चालेल. दोन मिनिटं न थांबता, ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०. घाम फुटेल, मनगट दुखेल आणि कळेल की आपले हात नक्की कुठे आहेत. कार्डावर काहीही छापलेलं असो.